यंदाची आंबट सोलं

२६ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत बाईंनी रोजनिशी लिहायला लावली होती, तेव्हा मी "आज काही घडले नाही" हे एकच वाक्य महिनाभर लिहून छडी खाल्ली होती. आज घडलंय म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, कारण माझ्या मुलीला, अफनानला, मराठी वाचता येत नाही आणि नवऱ्याला, यहयांना, माझं अक्षर लागत नाही. शारजातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एवढा आडोसा पुष्कळ झाला.

तर, दुबईतल्या त्या शेफ बनवणाऱ्या शाळेतून फोन आला. माझा अर्ज त्यांनी वाचला म्हणे. बारा मार्चला ट्रायल आहे. त्यांच्या किचनमध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर एक पदार्थ करून दाखवायचा. पास झाले तर एप्रिलच्या मध्यापासून सहा महिन्यांचा कोर्स, ऑक्टोबरात सर्टिफिकेट. फोनवरच्या मुलीने विचारलं, "मॅम, एनी किचन एक्स्पीरियन्स?" मी म्हटलं, "वीस वर्षं." खोटं नाही ते. कुणी पगार दिला नाही एवढंच.

अर्ज मी रागाने केला होता. गेल्या रमजानात यहयांच्या ऑफिसात, हमरिया फ्री झोनमध्ये, स्टाफचं इफ्तार होतं. सगळ्या स्टाफला पुरेल एवढी अखनी मी एकटीने केली, मटणाच्या पाण्यात भात शिजवतात ती आमची कोकणी अखनी. यहयांचा बॉस बोटं चाटत विचारायला लागला, कुठल्या हॉटेलची? यहयांनी सांगितलं, "बाहेरून मागवली." आणि घरी येऊन हे मला कौतुक म्हणून ऐकवलं! बघ, हॉटेलसारखी झाली होती! ते 'बाहेरून' माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. वर्षभर काही निघेना, मग अर्ज केला.

यहयांना अजून सांगितलं नाहीये. परवा सांगेन. उद्या त्यांचा मंथ-एंड असतो, उद्या त्यांना अल्लानेही काही सांगू नये.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. आधी हसले. मग बघितलं की मी हसत नाहीये. मग फी विचारली, दिरहमचे रुपये केले, डोक्याला हात लावला. मी म्हटलं, माझी भिशी लागलीय, तुमच्या खिशाला हात लावत नाही. तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

यहयांचे वडील जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. तीस वर्षं बोटीच्या पोटात भात शिजवला त्यांनी. "बाबांनी ते कशासाठी केलं?" यहया म्हणाले. "आम्ही भावांनी टेबल-खुर्चीवर बसावं म्हणून. आणि आता त्यांची सून एप्रन बांधून परत तिथेच जाणार? गावात काय सांगू?"

"बाबांची सून रोज तिथेच असते," मी म्हटलं. "एप्रन तेवढा नाही."

उठून गेले. जाताना दार आपटलं नाही, पण आपटायचं होतं हे कळावं इतपत जोरात लावलं. मी पण काय कमी आहे? संध्याकाळी चहा ठेवला तो दोघींपुरताच, माझा आणि अफनानचा.

गनीचाचा गावाहून आले, त्यांच्याबरोबर अम्मींनी, म्हणजे सासूने, सोलं पाठवलीत. आपली घरची कोकमं, काळीभोर, ओलसर. डबा उघडला आणि वासानेच तोंडाला पाणी सुटलं. तिथेच उभ्या उभ्या चार खाल्ली.

चाँद दिसला. उद्या पहिला रोजा.

१ मार्च, शनिवार

आज इन्शा वर आली आणि आमचं रमजानचं किचन सुरू झालं. इन्शा माझी धाकटी जाऊ, ओवेसची बायको, याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते. रमजानभर दोन्ही घरांचं इफ्तार माझ्याकडे. ती तळते, मी शिजवते. दोघींनी एकच काम करायला घेतलं की भांडण होतं, म्हणून वाटून घेतलंय.

आमच्या घरात रोज्यात जिभेला काही लावत नाहीत. स्वयंपाक करणारीने जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं असं मौलवी सांगतात, पण ते अम्मींना चालत नाही. आणि अम्मींना चालत नाही ते अल्लाला तरी कसं चालेल, असा आमच्याकडे कायदा आहे. मग मिठाचं काय करायचं? तर महिन्यातले काही दिवस बाईला रोजा माफ असतो. त्या दिवसांना आम्ही सुट्टी म्हणतो. जी सुट्टीवर असेल तिने मीठ बघायचं. असरची, दुपार उतरतानाची नमाज झाली की किचनमधून हाक जाते, "मीठ कोण बघणार?" जिची सुट्टी ती येते, चमचा तोंडात घालते, मान हलवते आणि जाते. पुरुषांना यातलं काही कळत नाही. म्हणजे कळत नाही असं ते दाखवतात, आणि त्यांना कळतंय हे आम्हाला कळत नाही असं आम्ही दाखवतो.

माझं काही अडत नाही म्हणा. मी नाकाने स्वयंपाक करते. रस्सा उकळला की वासावरून सांगते मीठ किती, मिरची किती. अम्मीसुद्धा मानतात हे.

आज अफनान आली. सोळा वर्षांची घोडी, चमचा धरला तो थर्मामीटरसारखा. "सॉल्ट इज फाइन, मम्मी. बट इट्स सो..."

"मिठाचंच विचारलंय," मी म्हटलं. मीठ बरोबर होतं. मला माहीतच होतं.

५ मार्च, बुधवार

इन्शाची सुट्टी. आज कोलंबीचं कालवण होतं. इन्शाने चमचा तोंडात घातला आणि एक डोळा मिटला.

"भाभी, मीठ बरोबर आहे. पण सोलं किती घातलीत?"

"नेहमीएवढी."

"नेहमीएवढी म्हणजे मूठभर?"

यंदाची सोलंच आंबट आहेत त्याला मी काय करू? पाऊस कमी-जास्त झाला असेल, वाळवताना काही झालं असेल. मला तर वास एकदम बरोबर लागतो. उलट कमी घातली की काहीतरी राहिलंय असं वाटतं. इन्शाला उगाच खोड काढायची सवय आहे, तिच्या भजीत सोडा जास्त असतो तेव्हा मी बोलते का? बोलते, पण रोज नाही.

यहया मुकाट्याने जेवले. शाळेचा विषय निघाल्यापासून ते माझ्याशी ऑफिसातल्या ई-मेलसारखं बोलतात. कामापुरतं, आणि शेवटी थँक्स.

दुपारी झोप फार येते. चहा सुटल्यामुळे असेल. आज दुपारच्या, जोहरच्या नमाजेनंतर बसल्या जागी डोळा लागला आणि अफनानने हलवलं तेव्हा असर होऊन गेली होती. असं मला कधी होत नाही.

९ मार्च, रविवार

एक गोष्ट लिहून ठेवते, जी कुणाला सांगण्यासारखी नाही.

माझी सुट्टी जानेवारीनंतर आलीच नाही. फेब्रुवारी तसाच गेला, पण तेव्हा लक्ष दिलं नाही. आता वाटतंय संपलं. माझ्या मोठ्या बहिणीचं, रशीदाचं, बेचाळीसलाच संपलं होतं, मला एक्केचाळीस पूर्ण आहेत. थोडं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगू? हलकं वाटलं. शाहबाज पुण्याला कॉलेजात, अफनान पुढच्या वर्षी जाईल. शरीरानेही सांगून टाकलं की बाई, तुझी ड्यूटी खलास. जणू अल्लानेच सगळ्या बाजूंनी वाट मोकळी करून दिलीय. आता कोण अडवणार? यंदा सगळेच्या सगळे रोजे पूर्ण होतील, नंतर भरून काढायची कटकट नाही.

शाळेसाठी रोज सुरीवर कांदा कापायचा सराव करतेय. मी जन्मभर विळीवर बसून चिरलं. विळीवर पातं जागेवर असतं आणि कांदा हलतो, सुरीला सगळं उलटं. हात वळत नाही. त्यात कांद्याचा वास हल्ली सहन होत नाही. काल फोडणीत टाकला आणि बाल्कनीत पळाले. रिकाम्या पोटी असं होणारच. इन्शा कढईसमोरून माझ्याकडे बघत राहिली. काय बघतेस म्हटलं तर म्हणाली, काही नाही.

१२ मार्च, बुधवार

ट्रायल झाली. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर रडत बसेन.

यहयांनी गाडीने सोडलं नाही, मीटिंग आहे म्हणाले. टॅक्सीने गेले. किचन बघून आधी दारातच थांबले. आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढं, सगळं स्टीलचं, कुठे एक डाग नाही. माझ्याबरोबर पाच जण, सगळे माझ्या शाहबाजच्या वयाचे. एका पोराला मी टीचर वाटले, त्याने मला गुड मॉर्निंग केलं. मी पण केलं.

शेफ नादिन म्हणून बाई आहेत, लेबनॉनच्या. साठीच्या असतील, पांढरे केस कापलेले, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी सगळ्यांना एकेक हामूर मासा आणि तांदूळ दिले, मसाल्याचं टेबल दाखवलं. काय करायचं ते करा. यल्ला.

सुरी हातात घेतली आणि बाकीच्यांचे बोर्ड टकटक वाजायला लागले. माझा आपला टक... टक. पण मासा साफ करायला घेतला तेव्हा ती पोरं माझ्याकडे बघायला लागली. हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या मुलीला मासा कापायला कुणी शिकवावं लागत नाही. नारळाचं दूध काढलं, चिंचेचा कोळ केला, कालवण ठेवलं. भात मोकळा, दाणा न् दाणा वेगळा. कांद्याला दोनदा मळमळलं, तोंड फिरवून उभी राहिले. मग वास घेतला. चिंच थोडी कमी वाटली, अजून घातली. मग बरोबर वाटलं.

शेफ नादिन आल्या. म्हणाल्या, "तू चाखलं नाहीस. मी बघत होते. एकदाही नाही."

"शेफ, माझा रोजा आहे."

"माझाही आहे." असं म्हणून त्यांनी चमचा बुडवला, रस्सा जिभेच्या टोकाला लावला, टिश्यूत थुंकला, पाण्याने चूळ भरली. तीही थुंकली. अम्मी असत्या तर तिथेच तौबा तौबा करत बसल्या असत्या.

"मासा परफेक्ट. भात परफेक्ट. टेबल सगळ्यांत स्वच्छ तुझं," त्या म्हणाल्या. "पण हे कुणासाठी केलंस? एवढं आंबट?"

मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. वीस वर्षं नाकाने करते, कुणाची तक्रार नाही.

"वीस वर्षं घरच्यांनी खाल्लं म्हणून तुला वाटतं बरोबर असतं," त्या म्हणाल्या. "घरचे प्रेमाने खातात, हबीबती. इथे लोक पैसे देऊन खातात. माझ्या किचनमध्ये चाखल्याशिवाय ताट बाहेर जात नाही. रोजा असो, नसो."

परत येताना टॅक्सीत सारखं तेच डोक्यात. लेबनॉनची माणसं सॅलडवर अख्खं लिंबू पिळतात आणि आम्हाला आंबट म्हणतात! रागाने रडू आलं. हल्ली रडू पण लगेच येतं.

१३ मार्च, गुरुवार

इफ्तारनंतर यहयांनी स्वतःहून विचारलं, "काय झालं काल?" दोन आठवड्यांतला पहिला पूर्ण प्रश्न. मी सगळं सांगितलं. ते जिभेला लावून थुंकणं सांगितलं आणि म्हटलं, असल्या ठिकाणी मला जायचंच नाही, झालं तुमच्या मनासारखं.

यहया थोडा वेळ खजुराची बी बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "बाबा तसंच करायचे."

"काय?"

"जहाजावर सगळे थोडेच मुसलमान? कॅप्टन ग्रीक, इंजिनीअर केरळचा. रमजानातही त्यांना तीन वेळा जेवण लागायचं. बाबांचा रोजा. तर ते जिभेला लावायचे आणि समुद्रात थुंकायचे. मला सांगायचे, बेटा, दुसऱ्याच्या पोटात जाणारं अन्न न चाखता देणं ही हरामखोरी आहे. अम्मीला मात्र कधी सांगितलं नाही."

बाबा वारले त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत यहयांनी बाबांच्या जहाजाचं एवढं कधी सांगितलं नव्हतं. सांगताना चेहरा इतका मऊ झाला होता की मी आपली ऐकत बसले. मग त्यांनी स्वतःच भांडी उचलून सिंकमध्ये ठेवली. धुतली नाहीत, पण ठेवली.

कालवण मात्र अर्धं ताटात राहिलं होतं. पोट भरलंय म्हणाले.

१८ मार्च, मंगळवार

ई-मेल आला. मला घेतलं! तीनदा वाचला, मग अफनानकडून वाचून घेतला, चुकून कुणा दुसऱ्या तहसीनला तर नाही ना. खाली शेफ नादिननी स्वतः लिहिलंय की हात चांगला, शिस्त चांगली, पण चाखायला शिकावं लागेल. तीस मार्चच्या आत कळवायचं.

अफनानने मला उचलायचा प्रयत्न केला. "मम्मी, धिस इज ह्यूज! यू आर गोइंग, राइट?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "डोन्ट बघू मी." हे वाक्य ती कुठल्या भाषेत बोलली ते तिलाच ठाऊक.

यहयांना दाखवलं. "इन्शाल्ला," म्हणाले. आता यहयांचं इन्शाल्ला म्हणजे हो की टाळाटाळ, हे वीस वर्षांत मला उमगलेलं नाही. पण मी ठरवलंय. जाणार. एवढी मोकळी मी आयुष्यात कधी नव्हते.

२३ मार्च, रविवार

आज इन्शाने बाँब टाकला.

समोसे भरत होतो. ती एकदम म्हणाली, "भाभी, या रमजानात मीठ बघायला तुम्ही एकदाही आला नाहीत."

मी म्हटलं, माझं संपलं ते.

"संपलं?" तिने हातातला समोसा खाली ठेवला. "आणि कांद्याला पळता ते? आणि दुपारी झोपता ते? आणि सोलांचा डबा अर्धा झालाय भाभी, मी रोज बघतेय. तुम्ही पहाटे सेहरीला नुसती सोलं खाता, अफनानने मला सांगितलंय."

"यंदाची सोलं..."

"सोलांना कशाला बोल लावता?" ती हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. खालच्या फार्मसीत जाऊन स्वतःच टेस्ट घेऊन आली.

दोन रेघा.

बाथटबच्या कडेवर किती वेळ बसले होते कोण जाणे. बाहेर इन्शा दाराला कान लावून "भाभी? भाभी?" करत होती. आत मी आरशात बघून स्वतःलाच म्हटलं, तहसीन, तुझ्यासारखी गाढव तूच. दोन मुलं काढलीस आणि तुला कळू नये?

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरने पक्कं केलं. ऑक्टोबरच्या अखेरीस. रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या आणि उरलेले रोजे आता ठेवायचे नाहीत म्हणून दम दिला.

यहया दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता नुसते बसले. मग डोळे पुसले. मग शारजाला पोचेपर्यंत माझा हात धरून एका हाताने गाडी चालवली, जे ते आमचं नवं लग्न झालं तेव्हाही करायचे नाहीत, कारण पोलीस. अम्मींना फोन केला, अम्मी रडल्या. शाहबाजला सांगायची लाज वाटली, अफनानने परस्पर सांगून टाकलं.

मला आनंद झाला नाही. इथे तरी खरं लिहिते. सगळे आनंदात आणि मी त्यांच्यात दात दाखवत बसलेली. मला त्या बाळाचा राग नाही, तौबा, त्या जिवाने काय केलंय? पण मी मोकळी झाले होते. पंधरा दिवस का होईना, मला पुरतं मोकळं वाटलं होतं. ते कुणीतरी हातातून काढून घेतलं आणि वर सगळे मुबारक म्हणतायत.

शाळेचं कुणी विचारलंच नाही. रात्री यहया आपणहून म्हणाले, "पुढच्या वर्षी जा हां. इन्शाल्ला." या इन्शाल्लाचा अर्थ मात्र मला लगेच कळला.

२७ मार्च, गुरुवार

नाही म्हणायला स्वतः गेले. ई-मेलने नाही म्हणवेना.

शेफ नादिन ऑफिसात मिरच्यांच्या बिलावर कुणाला तरी अरबीत झापत होत्या. मला बघून फोन ठेवला. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि एकदम मोठ्याने हसल्या. "द फिश!" म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळायला हवं होतं!" माशाचं काय ते मला कळलं नाही, आणि विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

"तारीख कधीची?"

"ऑक्टोबरची अखेर."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "कोर्स ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. डॉक्टर उभं राहू नको म्हणाला?"

"नाही. रोजा तेवढा सोडायला सांगितला."

"मग?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी येईन.

"पुढच्या वर्षी तू येणार नाहीस," त्या म्हणाल्या. रागाने नाही, बाजारभाव सांगावा तसं. "पुढच्या वर्षी बाळ रांगेल. त्याच्या पुढच्या वर्षी दात येतील. मी ये म्हणत नाही. पोटुशी बाई, गरम किचन, सोपं नाही, स्टूल देईन बसायला, पण सोपं नाही. घरी बसायचं असेल तर आनंदाने बस. फक्त मला पुढच्या वर्षीचं सांगू नकोस. सीट रविवारपर्यंत तुझी आहे."

शुक्रन म्हणून निघाले. नाही म्हणायला गेले होते, ते म्हणायचं राहूनच गेलं.

२९ मार्च, शनिवार

आज शेवटचा रोजा. उद्या ईद. घरात साफसफाई, नवे कपडे, शीरखुर्म्याचं दूध, सगळा गोंधळ. मी कोलंबीचं कालवण ठेवलं होतं. असर झाली. सवयीने हाक मारली, "मीठ कोण बघणार?"

इन्शा तळता तळता म्हणाली, "माझा रोजा आहे. अफनानचाही आहे." मग वळून माझ्याकडे बघितलं. "भाभी, तुम्हीच आहात की सुट्टीवर."

खरंच की. महिनाभर मी इफ्तारलाही फळं आणि पेज यांच्यावरच होते, मसाल्याचं जात नव्हतं. चमचा घेतला, फुंकला आणि तोंडात घातला.

या अल्ला.

दातच आंबले. जीभ आत ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. आता माझंच तोंड आंबटाला आसुसलेलं, तरी मला सोसेना, मग बाकीच्यांचं काय झालं असेल? आणि हे मी आजच केलं असं नाही. पहिल्या रोज्यापासून हेच. अफनानचं "बट इट्स सो", इन्शाचा मिटलेला डोळा, ताटात राहिलेलं अर्धं कालवण. ट्रायलचा मासा! दिवसभराच्या उपाशी पोटी, खजुरानंतरचा पहिला घास हा! महिनाभर ही माणसं हे गिळत होती आणि मी सोलांना नावं ठेवत होते. आणि वर म्हणत होते, वीस वर्षं कुणाची तक्रार नाही!

तिथेच ओट्याला धरून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. इन्शा घाबरली. मी म्हटलं काही नाही, तू तळ. सोलं चिमट्याने काढली, नारळाचं घट्ट दूध घातलं, गूळ घातला. चाखलं. अजून थोडा गूळ. परत चाखलं. थोडं मीठ. परत चाखलं. प्रत्येक वेळी कालवण थोडं थोडं बदलत होतं आणि ते मला जिभेवर कळत होतं. वीस वर्षं स्वयंपाक करून मला हे माहीत नव्हतं, आणि मला हे शिकायचं होतं. पोटात बाळ आहे म्हणून ते कमी झालं नव्हतं, उलट त्याच्यामुळेच तर आज चमचा हातात आला होता. चाखता चाखता पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हटलं, बघ रे, आता कसं झालंय?

हात पुसले आणि कालवण मंद आचेवर ठेवून शाळेला मेसेज केला. येतेय. स्टूल ठेवा.

इफ्तारला सगळे बसले. यहयांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले, मग भाताला कालवण लावलं, बिचकतच. घास तोंडात गेला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"आज कुणी केलं?"

"मीच. चाखून केलं."

"अच्छा." दुसरा घास. तिसरा. मग परत वाढून घेतलं, महिन्यात पहिल्यांदा. अफनान म्हणाली, "फायनली!" आणि ओवेसने तिला कोपर मारलं. म्हणजे खालचा मजलाही कटात सामील होता तर.

"एवढं आंबट होतं तर बोलला का नाहीत?" मी यहयांना विचारलं.

"कसं बोलणार?" ते म्हणाले. "शाळेला मी नाही म्हटल्यापासून सुरू झालं. मला वाटलं तू राग काढतेयस. म्हटलं, काढू दे. तेवढा हक्क आहे तिचा."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मग मी सांगून टाकलं. "मी शाळेला हो कळवलंय. आजच. विचारलं नाही तुम्हाला."

इन्शाने हळूच भजीची प्लेट यहयांच्या पुढे सरकवली, जणू भजीने काही फरक पडणार होता. यहयांनी भजी घेतलं, मोडलं, आत सोडा जास्त होता तो बघितला, खाल्लं.

"पोटातल्याला त्रास झाला तर?"

"तर थांबेन. मी काय वेडी आहे?"

"दुबईला जाणार कशी रोज?"

"मेट्रो आहे, बस आहे."

"बस नको," ते म्हणाले. आणि बराच वेळ ताटातलं कालवण बोटांनी निपटत राहिले. मग म्हणाले, "जा बाई तू त्या शाळेत. तिथे निदान चाखल्याशिवाय ताट पुढे येत नाही. इथे आमचे हाल झाले."

१४ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. यहयांनी गाडीने सोडलं. गेटपाशी पोचलो तेवढ्यात त्यांच्या बॉसचा फोन आला, स्पीकरवर होता. अजून आला नाहीस, कुठे आहेस?

मी सीटबेल्ट काढता काढता थांबले. म्हटलं, आता ट्रॅफिक सांगतील नाहीतर दवाखाना.

"सर, वाइफला कॉलेजला सोडतोय," यहया म्हणाले. "शेफ होतेय ती. गेल्या वर्षी इफ्तारला अखनी होती ना सर, ती हॉटेलची नव्हती. तिनेच केली होती."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतर आता. उशीर होतोय मला."